मन आजारी पडतं तेव्हा घरच्यांनी काय करावं?

॥ श्रीगुरवे नमः ॥



या वेळच्या कौटुंबिक अभ्यासासाठी जो विषय घेतला आहे, त्यावर सत्संगात फारसं बोललं जात नाही. पण सत्संग संपल्यावर, चपला घालता घालता, हळू आवाजात तोच विषय निघतो. "मुलगा महिनाभर खोलीतून बाहेर येत नाही." "सुनेला बाळंतपणानंतर रडूच आवरत नाही." "ह्यांना रात्र रात्र झोप नाही, आणि चिडतात किती!" आणि शेवटी एकच प्रश्न असतो: "कोणतं पारायण करावं?"

पारायण जरूर करावं. त्याने घरातलं वातावरण बदलतं, करणाऱ्याला धीर येतो. पण त्याच्या आधी एक गोष्ट करायची असते आणि नेमकी तीच राहून जाते. त्या माणसाच्या शेजारी बसायचं, त्याला काय होतंय ते ऐकायचं, आणि गरज दिसली तर त्याला डॉक्टरांकडे न्यायचं. आजच्या अभ्यासाचं सार थोडक्यात सांगतो:

*नाम हा आधार आहे, ती परीक्षा नव्हे. औषध घेतलं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं होत नाही.*

हे वाक्य लक्षात ठेवून पुढचं वाचावं. शक्य झालं तर घरात एकाने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

*१. मुक्ताबाई दाराबाहेर थांबली*

ताटीच्या अभंगांची कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. लोकांच्या बोलण्याने, अपमानाने ज्ञानदेव दुखावले गेले आणि झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून आत बसले. धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेर उभी राहिली आणि तिने त्यांना दार उघडायची विनवणी केली. परंपरा हे असं सांगते.

आपण या कथेकडे नेहमी मुक्ताबाईचा अधिकार म्हणून बघतो. या खेपेला जरा वेगळ्या बाजूने बघू. एक, ज्ञानदेवांसारख्यांनाही एक दिवस दार लावून बसावंसं वाटलं, हे सांगताना परंपरेला संकोच वाटला नाही. ते लपवलं गेलं नाही, उलट त्यावरचे अभंग पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले. दोन, मुक्ताबाईने दार तोडलं नाही. ती "बस हवं तितका वेळ" म्हणून निघूनही गेली नाही. ती बाहेर थांबली आणि बोलत राहिली. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. दार शेवटी आतूनच उघडायचं होतं.

घरातलं कोणी मनाने खचलं असेल तर आपलं काम नेमकं हेच. दार तोडायचं नाही, तिथून उठूनही जायचं नाही.

*२. अर्जुनाने काय सांगितलं, भगवंतांनी काय केलं*

गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. त्यात अर्जुन आपली अवस्था सांगतो. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, त्वचेचा दाह होतोय, हातातून गांडीव निसटतंय, उभं राहवत नाही, मन भ्रमल्यासारखं झालंय. म्हणजे मनाचं दुःख तो शरीराच्या भाषेत सांगतो. आपल्या घरातही असंच होतं. "डोकं दुखतं", "छातीत धडधडतं", "पोटात गोळा येतो", "अंगात त्राणच नाही" अशी वाक्यं येतात. तपासण्या नॉर्मल निघाल्या की आपण म्हणतो, "काही नाही, सगळं मनाचं आहे!" जणू मनाचं असलं म्हणजे ते खरं नसतं.

आता पुढचं बघा. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत अर्जुनाला दोन श्लोकांत खडसावतात. त्याने अर्जुन उठला का? नाही उठला. तो पुन्हा आपली व्यथा सांगतो, मला मार्ग दाखवा असं विनवतो आणि लढणार नाही म्हणून गप्प बसतो. त्यानंतर खरा उपदेश सुरू होतो, आणि तो पुढे कितीतरी अध्याय चालतो. मध्येमध्ये अर्जुन शंका विचारतो, तीच गोष्ट फिरून विचारतो, आणि प्रत्येक वेळी त्याला उत्तर मिळतं.

अर्जुनाला आजार होता असं आम्हाला म्हणायचं नाही. इतकंच लक्षात घ्यायचं की प्रत्यक्ष भगवंतांच्या दोन खडे बोलांनीही खचलेलं मन लगेच उभं राहिलं नाही. मग आपल्या "ऊठ, जरा हिंमत धर!" या वाक्याने ते उभं राहील ही अपेक्षा का धरायची?

*३. दुःख कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो?*

दुःख म्हणजे आजार नाही. घरात कोणी गेलं, नोकरी सुटली, परीक्षेत अपयश आलं, तर वाईट वाटणारच. त्यात माणूस रडतो, पण अधूनमधून हसतोही, नातवंड मांडीवर आलं की थोडा वेळ विसरतो, भूक लागते तेव्हा दोन घास खातो.

नैराश्याच्या आजारात, ज्याला आपण डिप्रेशन म्हणतो, तसं होत नाही. पुढच्या गोष्टींपैकी बऱ्याचशा *दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ* दिसत असतील तर डॉक्टरांना दाखवायला हवं:

• सतत उदास वाटणं, किंवा काहीच न वाटणं
• ज्या गोष्टी आवडायच्या त्यांत गोडी न राहणं (भजनाला न चुकता येणारा माणूस कारण नसताना येईनासा होतो)
• झोप उडणं, पहाटे फार लवकर जाग येणं, किंवा दिवसभर झोपून राहणं
• भूक मरणं किंवा भलतीच वाढणं
• आंघोळ करणंसुद्धा डोंगरासारखं वाटणं
• लक्ष न लागणं, साधा निर्णय न घेता येणं
• "मी सगळ्यांना भार आहे", "माझंच पाप" असं वाटत राहणं
• मरणाचे विचार येणं

हे किती जणांना होतं? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात मध्य प्रदेश आणि गुजरातही होते, म्हणजे आपल्या इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या मंडळींची राज्यं. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. बहुतेक आजारांत दहापैकी सातांहून जास्त लोकांना उपचारच मिळत नव्हते. आपला गट शंभर जणांचा असेल तर हिशोब आपणच करावा.

काही रूपं पटकन ओळखू येत नाहीत. पुरुषांत उदासी पुष्कळदा चिडचिड किंवा दारू होऊन बाहेर पडते. वयस्कर मंडळी "उदास वाटतं" म्हणत नाहीत, "गुडघे दुखतात, विसरायला होतं" म्हणतात. मुलं पुण्या-बेंगळुरूला किंवा परदेशात, आणि मोठ्या वाड्यात दोघंच म्हातारी, अशी घरं आपल्याकडे कितीतरी आहेत. तिथे रोजचा "जेवलात का?" हा फोन होतो, पण त्यांच्या मनाची चौकशी होत नाही. बाळंतिणीला पहिल्या आठ-दहा दिवसांत रडू येणं पुष्कळ वेळा आपोआप ओसरतं. ते दोन आठवड्यांपुढे गेलं, किंवा ती बाळाबद्दल भलतंसलतं बोलू लागली, तर तो उपचाराचा विषय आहे. त्यात दृष्टही नसते आणि "बाहेरचं"ही नसतं.

कोणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, घरचेच विष घालतायत असा संशय येत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. त्यावरही औषध आहे, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. अशा माणसाला इथे तिथे फिरवण्यात, बांधून ठेवण्यात वर्षं घालवू नयेत. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला, साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. ज्यांनी त्यांना तिथे आणून ठेवलं होतं, त्यांतले कित्येक जण श्रद्धेने आले होते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कोणत्याही रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे. श्रद्धेने माणूस मोकळा व्हायला हवा. ज्या श्रद्धेला साखळी लागते, तिथे आपण थांबून विचार करायला हवा.

*४. काय बोलू नये, काय बोलावं*

आपल्याकडे वाईट हेतूने कोणी बोलत नाही. पण प्रेमाने बोललेलं वाक्यही खोल रुतू शकतं. काही वाक्यं आपण सगळ्यांनीच बाजूला ठेवू या:

• "तुला कमी काय आहे?" (हे ऐकून त्याला वाटतं, काही कमी नसताना असं होतंय म्हणजे मीच वाईट.)
• "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." (होतं. त्याला नाव नव्हतं, आणि ती माणसं माडीवरच्या खोलीत असायची.)
• "नामात राहिला असतास तर ही वेळ आली नसती."
• "हे तुझं प्रारब्ध, भोगून संपव."

शेवटची दोन वाक्यं खास आपल्या मंडळींची आहेत, म्हणून त्यांवर थोडं जास्त बोलायला हवं. नैराश्यात माणूस आधीच स्वतःला दोषी मानत असतो, तो त्या आजाराचाच भाग आहे. त्यात साधना कमी पडल्याचा ठपका ठेवला की त्याचा शेवटचा आसराही जातो. मग तो देवघरासमोर बसायलाही घाबरतो. ज्याचे पाय मोडलेत त्याला आपण प्रदक्षिणा का चुकवली असं विचारत नाही. मन मोडलेल्याला माळ का चुकली असंही विचारू नये. प्रारब्ध असेलच तर डॉक्टर भेटणं हेही प्रारब्धातच आहे असं समजावं.

मग बोलावं काय? फार काही नाही.

"हल्ली तू गप्प असतोस, मला काळजी वाटते. काय होतंय सांगशील?"
"आत्ता नको असेल तर नको. मी इथेच आहे."
"हे तुझ्या एकट्याच्याने पेलायचं नाही. आपण दोघं जाऊ डॉक्टरांकडे."

आणि तो बोलायला लागला की मध्ये उपाय सांगू नये. दहा मिनिटं नुसतं ऐकणं सोपं नाही, करून बघा. आपल्याला जपाची सवय आहे, मन भरकटलं की परत नामावर आणायची. तसंच इथे, मनात सल्ला आला की परत त्याच्या बोलण्यावर यायचं. ही साधनाच आहे.

समोरासमोर बसून डोळ्यांत बघून बोलणं तरुण मुलांना जड जातं. गाडीवरून जाताना, शेंगा सोलताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना बोलणं सहज निघतं. 'कासव' हा मराठी चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. जगणं नकोसं झालेल्या एका तरुणाला एक बाई आपल्या घरी आणते, प्रश्नांचा भडिमार न करता त्याला राहू देते, खाऊपिऊ घालते. ज्यांना "म्हणजे नक्की कसं वागायचं?" असा प्रश्न पडतो, त्यांनी कुटुंबासह जरूर बघावा.

*५. गोव्यातला एक धडा : आधी छोटी कृती*

गोव्यात 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करते. तिथे १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास झाला आणि २०१७ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचे दोन गट केले. दोन्ही गटांना आरोग्य केंद्राची नेहमीची सेवा मिळाली. त्यांतल्या एका गटाला शिवाय सहा ते आठ भेटींत एक साधा कार्यक्रम शिकवला. शिकवणारे डॉक्टर नव्हते. स्थानिक, साधी माणसं होती, या कामासाठी तयार केलेली. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक आजाराच्या पातळीतून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

तो कार्यक्रम काय होता? थोडक्यात असा. उदास माणूस हळूहळू सगळं करायचं सोडतो. सोडल्यामुळे आनंदाचे, भेटीगाठींचे क्षण संपतात. त्यामुळे तो आणखी उदास होतो. हे चक्र मोडायला "मन लागेल तेव्हा करीन" याची वाट बघायची नाही. छोटी, ठरलेली, जमण्यासारखी कृती आधी करायची. मन मागून येतं.

आपल्या घरात हे कसं करता येईल?

• सकाळी तुळशीला एक तांब्या पाणी. एवढंच.
• संध्याकाळी दहा मिनिटं गल्लीच्या टोकापर्यंत. कोणीतरी सोबत जावं.
• लसूण सोलणं, वाती वळणं, फुलं निवडणं.
• एक माळ जड वाटत असेल तर अकरा वेळा नाम. तेही नको असेल तर कोणीतरी शेजारी बसून म्हणावं, त्याने नुसतं ऐकावं.

जमलं की "शाब्बास, उद्या दुप्पट कर" म्हणू नये. जमलं नाही तर "साधं एवढंही..." म्हणू नये. उद्या पुन्हा तेवढंच. आणि एक लक्षात ठेवावं, गोव्यातली ही मदत आरोग्य केंद्रातल्या उपचारांच्या जोडीला होती. आपलीही मदत डॉक्टरांच्या जोडीला असावी, त्यांच्या जागी नको.

*६. औषध, उपवास आणि साधना*

या भागावर सर्वांत जास्त शंका येतात, म्हणून सावकाश वाचावं.

*डॉक्टर कोणते?* मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर असतात, ते औषध देऊ शकतात. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. सुरुवात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून केली तरी चालते. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं यांनीही थकवा आणि उदासी येते, तेही तपासलं जातं.

*गुण कधी येतो?* नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत मळमळ, डोकं जड होणं असे त्रास होऊ शकतात. त्याच आठवड्यात "हे काही लागू पडत नाही" म्हणून पुष्कळ जण औषध सोडतात. सोडू नये, डॉक्टरांना फोन करावा.

*सवय लागते का?* झोपेच्या काही गोळ्यांची लागू शकते, म्हणून त्या थोड्या दिवसांपुरत्या, डॉक्टर सांगतील तेवढ्याच घ्यायच्या. नैराश्यावरच्या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही. पण त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता येते. बरं वाटल्यावरही डॉक्टर सहसा सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. "आता नाम पुरेसं आहे" म्हणून कोणाही साधकाने दुसऱ्याला औषध सोडायला सांगू नये. तो अधिकार आपला नाही.

*उपवास.* एकादशी असो वा सोमवार, गोळ्या बंद करायच्या नाहीत. काही गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असतात, त्यासाठी फराळ करावा. ज्यांना लिथियम हे औषध चालू आहे त्यांनी निर्जळी उपवास मुळीच करू नये. शरीरातलं पाणी कमी झालं की त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि विषबाधा होऊ शकते.

*जागरण आणि अखंड साधना.* ज्यांना बायपोलर म्हणजे मनाच्या चढउतारांचा आजार आहे, त्यांच्यासाठी झोप हेच अर्धं औषध आहे. रात्रभराचं जागरण, सलग पारायण, दीर्घ मौन यांनी त्यांचा आजार उसळू शकतो. त्यांच्यासाठी नियम असा की डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोप मोडणारी साधना नको. पारायणाला त्यांचं नाव नाही म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत.

आणखी एक नाजूक गोष्ट. कधी कधी आजाराचा चढ भक्तीच्या वेषात येतो. एखादा साधक अचानक दोन तासच झोपतो, तरी थकत नाही. भराभर बोलतो, पैसे वाटत सुटतो, देव माझ्याशीच बोलतात, मला मोठं कार्य दिलंय असं सांगतो, अडवलं की संतापतो. आपल्याला वाटतं, काय प्रगती आहे! कसं ओळखायचं? साधना मुरलेला माणूस शांत होत जातो, घरच्यांना त्याचा आधार वाटतो, त्याचं खाणंपिणं, झोप, कामधंदा ताळ्यावर असतो. इथे झोप गेली, व्यवहार सुटला आणि घरचे घाबरले. अशा वेळी त्याच्या पाया पडायला रांग लावू नये, त्याला लवकर डॉक्टरांकडे न्यावं.

*७. कोणी "नकोसं झालंय" म्हणालं तर*

हा भाग सगळ्यांनी वाचावा, घरात कोणी आजारी नसलं तरी.

"तुम्हाला आता माझा त्रास होणार नाही", "मी गेल्यावर हे तू घे" असं बोलणं, जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणं, निरवानिरव करणं, खूप अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी अगदी शांत होणं, या खुणा आहेत. आपल्या मंडळींत हेच वेगळ्या शब्दांत येतं. "आता देहाचं काही राहिलं नाही", "महाराजांनी बोलवावं आता." याला वैराग्य समजून मान डोलावू नये. वैराग्य आलेला माणूस स्वतःला भार मानत नाही. शंका आली की विचारावं.

काय विचारावं? सरळच. "जीव संपवावा असे विचार येतायत का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला मोकळं वाटतं. "हो" म्हणाला तर:

• रागावू नये, शपथा घालू नयेत, पाप-पुण्य सांगू नये. "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणावं.
• त्याला एकटं सोडू नये. शेजारी बसून राहावं.
• घरातली औषधं, शेतीची औषधं आणि इजा होऊ शकेल अशा वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.
• *टेली-मानस : १४४१६* या क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते, आणि भाषा निवडता येते. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.
• धोका लगेचचा असेल तर ११२, किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग.
• "कोणाला सांगू नकोस" असं वचन मागितलं तर देऊ नये. "तुझा जीव वाचवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगीन" म्हणावं.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरं रुग्णालयात जायला कचरतात. २०१७च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जावं, त्याला शिक्षा होऊ नये, आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी. म्हणून उशीर करू नये.

आणि ज्या घरातून एखादं माणूस असं गेलं आहे, त्या घराला वाळीत टाकल्यासारखं करू नये. "सद्गती मिळणार का?" ही चर्चा त्यांच्या पाठीमागेसुद्धा नको. जेवणाचा डबा न्यावा, गेलेल्याचं नाव घेऊन त्याच्या चांगल्या आठवणी काढाव्यात. तेराव्यानंतर सगळे पांगतात. आपण चौदाव्या दिवशीही जावं.

*८. सरकारी उपचार कुठे?*

गोवा : बांबोळीची मानसोपचार संस्था. बेळगाव भाग : धारवाडची डिमहान्स. इंदूर : बाणगंगा इथलं मानसिक रुग्णालय. ग्वाल्हेर : मानसिक आरोग्यशाला. बडोदा : कारेलीबागचं मानसिक आरोग्य रुग्णालय. हैदराबाद : एर्रागड्डाची इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ. या नावांची भीती बाळगू नये, तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो आणि बहुतेक जण दाखवून, औषध घेऊन संध्याकाळपर्यंत घरी येतात. आरोग्य विमा असेल तर कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचं आहे, पॉलिसी काढून बघावी.

*९. सांभाळणाऱ्यालाही सांभाळा*

आजारी माणसाची विचारपूस होते. त्याला रोज सांभाळणाऱ्या बायकोची, आईची, बहिणीची कोणी करत नाही. तिची झोप मोडते, तिला लोकांना उत्तरं द्यावी लागतात, आणि ती चिडली की "तुलाच पेशन्स नाही" हे ऐकावं लागतं. अशा घरी आठवड्यातून एकदा कोणी दोन तास जाऊन बसलं, तिला देवळात किंवा नुसतं बाजारात जाऊ दिलं, तर ती फार मोठी गुरुसेवा होईल.

*१०. आपल्या गटासाठी पथ्य*

कोणाच्या आजाराची बातमी गटावर टाकू नये. "अमक्यांच्या मुलासाठी प्रार्थना करा, तो डिप्रेशनमध्ये आहे" हा निरोप प्रेमाने लिहिलेला असतो, पण तो पन्नास घरांत पोहोचतो आणि उद्या त्या मुलाच्या लग्नाच्या वेळी परत येतो. प्रार्थना करायला नाव लागत नाही, भगवंताला माहीत असतं. काढे, मंत्र, "सात दिवसांत टेन्शन गायब" असले फॉरवर्डही इथे नकोत. मदत हवी असेल तर एकाला, खाजगीत सांगावं, आणि ज्याला सांगितलं त्याने ते पोटात ठेवावं.

*या आठवड्याचा स्वाध्याय*

१. आपल्या घरात मनाच्या आजाराबद्दल कोणती वाक्यं बोलली जातात? त्यांतलं कोणतं आपण आजपासून सोडू?
२. रोज एका माणसाचं दहा मिनिटं, मध्ये न बोलता ऐकायचं. जमलं का?
३. गेल्या महिनाभरात सत्संगाला येईनासं झालेलं कोणी आहे का? "का येत नाही?" असं न विचारता, "कसे आहात?" एवढंच विचारायला एक फोन करायचा.
४. १४४१६ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घालून ठेवायचा.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं स्वतःचंच मन जड झालेलं आहे, त्यांना एवढंच सांगायचं. तुमची माळ राहिली असेल तर राहू दे. सद्गुरूंचं तुमच्यावरचं प्रेम मण्यांच्या हिशोबाने चालत नाही. आज फक्त एका माणसाला सांगा, "मला बरं वाटत नाहीये." पुढचं आपण सगळे मिळून बघू.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥